बोटाएवढी डबी अन् म्हणे ७.१!

राजेहो, कॉम्प्युटरले साउंड कार्ड (स्पीकरले आवाज धाडणारा भाग) घ्याले गेलो, अन् तिसऱ्यांदा तेच! माह्या ५.१ स्पीकरच्या (पाच स्पीकर अन् एक वूफर) पिना तीन: हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची अन् वूफरची. एसटीनं दर्यापूर गाठा, तर दुकानदार पुन्हा ती यूएसबी डबी हातात ठेवते. वर छापलेलं ७.१, अन् भोकं दोन. एक हेडफोनचं, एक माइकचं. मंग उरलेल्या पिना का पऱ्हाटीत खुपसू? "व्हर्च्युअल हाय ना भाऊ!" म्हंजे हेडफोनात सात स्पीकरचा नुसता भास. पैसे चालते का व्हर्च्युअल?

दुसरा दुकानदार म्हन्ते ऑप्टिकल, म्हंजे उजेडातून आवाज नेणारी वायर, लावा. अबे, त्यातून साधा आवाज दोनच चॅनलचा जाते. गेमचा ५.१ धाडाले कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखी आवाज दाबून धाडाची सोय लागते, वरून स्पीकरकडं तो उलगडाले डिकोडर. माह्याकडं कुठचा डिकोडर? तीन भोकांचं कार्ड मांगतो बाप्पा, विमान नाही!