‘कोकणात बसून ग्रांट मिळत नाही’: त्या फॉरवर्डचा मुद्देसूद प्रतिवाद

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. दोन ग्रुप तरुण शिक्षक-डॉक्टरांचे, एक इंटर्न मुलांचा, एक आमच्या जुन्या बॅचचा. मजकूर थोडक्यात असा: ‘आरोग्य संशोधनाचं ग्रांट हा इंग्रजीचा आणि ओळखीचा खेळ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसून लिहिलेलं प्रपोजल कुणी वाचत नाही. गावच्या विषयाला जग पैसे देत नाही. एकदा नकार आला की नाव कायमचं बाद. आणि आता एआय सगळं लिहून देतो, तेव्हा लिहायला शिकण्यात वर्षं घालवू नका. मुंबई-पुण्याला बदली बघा.’

दक्षिण कोकणातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. हा मजकूर वाचून माझी एक हुशार ज्युनियर खरोखरच बदलीचा अर्ज घेऊन सहीसाठी आली, म्हणून हे लिहिते आहे. अर्ज करायचा तर खुशाल करावा, पण चुकीच्या माहितीवर करू नये.

‘इंग्रजीचा खेळ आहे’

त्याच ज्युनियरचं प्रपोजल घेऊ. विषय लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप. तो होऊ नये म्हणून भातलावणीच्या दिवसांत दर आठवड्याला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी वाटतात, त्याबद्दल. तिच्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं: ‘लेप्टोस्पायरोसिस ही जगभरातील एक महत्त्वाची सार्वजनिक आरोग्य समस्या आहे.’ इंग्रजी अगदी निर्दोष होतं. खाली तीन पानं जगाची आकडेवारी, मग भारताची, मग महाराष्ट्राची. आपलं गाव चौथ्या पानावर आलं. नेमका प्रश्न काय, तो कुठेच नव्हता.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘हा विषय का घेतलास ते मराठीत सांग.’ ती सांगू लागली. आशाताई गोळ्या घरपोच देतात. बायका घेतात आणि फळीवर ठेवतात. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की पोटात जळजळतं, मळमळतं, आणि त्याच दिवशी लावणीला वाकायचं असतं. मग गोळी राहून जाते. ‘ताप इलो म्हणान लावणी थांबता काय?’ असं एका काकीने तिला विचारलं होतं. पायाला चिरा पडलेल्या, दिवसभर चिखलात उभं राहायचं, त्याच पाण्यात उंदरांचं आणि गुरांचं मूत्र मिसळलेलं.

मी म्हटलं, हेच तुझं पहिलं पान.

आता दुसरी बाजू. आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन लेप्टोपासून वाचवते, याचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा 1984चा आहे. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या 940 अमेरिकन सैनिकांवर चाचणी झाली होती. खोटी गोळी मिळालेल्यांत 20 जण आजारी पडले, खरी गोळी मिळालेल्यांत 1. पण ते तीन आठवड्यांपुरते तिथे गेलेले, हुकमाने गोळी घेणारे तरुण सैनिक होते. आपल्याकडे पन्नाशीची बाई आहे, दोन-अडीच महिने चिखलात आहे आणि तिला हुकूम देणारं कुणी नाही. म्हणजे गोळी काम करते की नाही हा आपला प्रश्नच नाही. गोळी पोटात कशी जाईल, हा आहे. शेतावर दुपारची भाकरी खाऊन झाल्यावर आशाताईंनी समोर गोळी दिली, तर घेण्याचं प्रमाण वाढतं का? हे एक वाक्य आणि त्यामागची वरची दोन कारणं एवढं पहिल्या पानावर आलं की रिव्ह्यूअर, म्हणजे प्रपोजल तपासणारा तज्ज्ञ, पुढे वाचतो. त्याच्या टेबलावर ढीग असतो. तो पहिल्या पानावर तीनच गोष्टी शोधतो: काय माहीत नाही, ते कळल्याने कुणाचं काय बदलेल, आणि ते शोधायला हीच माणसं योग्य का.

यात इंग्रजी किती आहे? व्याकरण शेवटच्या दिवशी कुणीही तपासून देतं. प्रश्न मराठीत सुचला, मराठीत घासला, मग इंग्रजीत गेला. आमच्या विभागात मी आता हाच नियम केला आहे: पहिलं पान आधी मराठीत, तेही आरोग्यसेविकेला वाचून दाखवून.

शब्दांचा परिणाम होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. गेट्स फाउंडेशनकडे आलेल्या प्रस्तावांचा एक अभ्यास 2019 साली आला. तिथे अर्जदाराचं नाव झाकून तपासणी होत असे, तरी स्त्रियांच्या प्रस्तावांना कमी गुण पडत होते. शब्दांची छाननी केल्यावर दिसलं की स्त्रिया विषयापुरते नेमके शब्द जास्त वापरत होत्या, पुरुष व्यापक शब्द वापरत होते, आणि तपासणाऱ्यांना व्यापक शब्द आवडत होते. पुढे त्या व्यापक शब्दवाल्यांचं काम सरस निघालं, असंही नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण माहीत असलेला अन्याय निदान चुकवता येतो. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते की शेवटच्या परिच्छेदात एक मोठं वाक्य लिहा: ही पद्धत चालली तर जिथे जिथे माणसं चिखलात भात लावतात तिथे ती वापरता येईल. ते खरंच आहे, मग लिहायला संकोच कशाला?

‘ओळखीचा खेळ आहे, मोठ्या संस्थेचा शिक्का लागतो’

हा मुद्दा अर्धा खरा आहे. मोठ्या संस्थेच्या नावाचं वजन पडतं. रिव्ह्यूअरही एकमताचे नसतात. 2018 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या एनआयएचकडे, म्हणजे आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे आलेले 25 अर्ज 43 तपासनिसांना दिले, तर एकाच अर्जाबद्दल त्यांचं आपसांत जवळजवळ पटलंच नाही. नशिबाचा वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

पण ‘मोठ्या संस्थेच्या सावलीत जा’ हा सल्ला आज किती उपयोगाचा आहे ते पाहा. परदेशातून येणाऱ्या निधीवर नियंत्रण ठेवणारा एफसीआरए कायदा आहे. 2020च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी मिळालेली संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे मुंबईतल्या मोठ्या संस्थेने परदेशी ग्रांट आणावं आणि त्यातला वाटा कोकणातल्या कॉलेजला द्यावा, हा रस्ताच बंद झाला. 2025च्या मे महिन्यात एनआयएचनेही जाहीर केलं की अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रांटमधून परदेशी संस्थेला उपग्रांट देण्याची जुनी पद्धत ते थांबवत आहेत. दुसऱ्याच्या प्रपोजलमध्ये शेवटच्या ओळीत नाव घालून घेण्याचा काळ आटत चालला आहे. अशा वेळी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या संस्थेतून अर्ज लिहिता येणं ही गरज आहे.

आपल्याकडे खरी अडचण ओळखीची नाही, ती कागदांची आणि तारखांची आहे. डेडलाइनच्या आठ दिवस आधी धावपळ सुरू होते. तेव्हा कळतं की एथिक्स कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, अकाउंट्सच्या बाबूंना प्रकल्पाचं वेगळं खातं म्हणजे काय ते माहीत नाही आणि अधिष्ठाता रजेवर आहेत. परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी लागते. माझं एक प्रपोजल केवळ एका सहीपायी राहिलं होतं. पोर्टल संध्याकाळी बंद झालं, सही दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. त्या वर्षी मी खूप रडले. तेव्हापासून भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यावर डेडलाइनच्या आधीच्या चार महिन्यांत कोणता कागद कुणाकडे असेल ते लिहिलेलं असतं.

सुरुवात लहान करता येते. आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना 1979पासून आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी त्यात दोन महिन्यांचा प्रकल्प स्वतः लिहून करतो. आमच्याकडची मुलं त्यातूनच पहिल्यांदा शिकतात की सॅम्पल साइज, म्हणजे किती माणसं तपासायची तो आकडा, कुठूनतरी उतरवायची नसते, मोजून काढायची असते.

‘गावच्या विषयाला जग पैसे देत नाही’

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी लाल विंचू चावलेली मुलं दगावताना पाहिली, हृदयावर काय होतं याच्या नोंदी ठेवल्या, 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार जगापुढे मांडला. 2011 साली ‘बीएमजे’मध्ये त्यांची चाचणी आली: नुसतं प्राझोसिन द्यावं की सोबत विंचूप्रतिविषही द्यावं. रायगड जिल्ह्यातल्या विंचवाचा प्रश्न लंडनच्या नियतकालिकाने छापला. हे उदाहरण ग्रांटचं नाही, त्यांनी बरंच काम अशा आधाराविनाच केलं. पण विषय गावचा म्हणून जग ऐकत नाही, हे म्हणणं तिथे टिकत नाही.

सर्पदंशाचंही तेच. भारतात वर्षाला सरासरी 58,000 माणसं साप चावून मरतात असा 2020चा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने 2024 साली राष्ट्रीय आराखडा आणला. उत्तर कोकणात डहाणूला आयसीएमआरचं ग्रामीण संशोधन केंद्र सर्पदंशावर काम करतं. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, फुरसं हा विषारी साप भरपूर. पण प्रतिविष बनवायला लागणारं विष बहुतांश तमिळनाडूत पकडलेल्या सापांचं असतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. मग आपल्या फुरशाला ते प्रतिविष किती पुरतं? हा प्रश्न देवगडच्या सड्यावर उभं राहून विचारता येतो. वाचणारा जिनिव्हात असला तरी त्याला तो कळतो.

गोचिडीतून पसरणारा माकडताप 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. 2016 साली तो आपल्या दोडामार्गात होता. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणाऱ्या माणसाला गोचीड कधी चावते, हे तिथल्या माणसाइतकं कुणाला माहीत असणार?

‘एकदा नकार आला की नाव बाद’

हे साफ खोटं आहे. बहुतेक ठिकाणी सुधारून पुन्हा अर्ज करता येतो आणि पहिल्या फेरीचे शेरे हे फुकट मिळालेलं शिक्षण असतं. नेदरलँड्समधला 2018चा एक अभ्यास पाहा. कट-ऑफच्या जेमतेम वर असलेल्या तरुण संशोधकांना पुढच्या आठ वर्षांत जेमतेम खाली असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. त्याचं एक कारण असं निघालं की खाली राहिलेल्यांनी अर्ज करणंच कमी केलं. अमेरिकेतल्या तरुण संशोधकांवरचा 2019चा अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. थोडक्यात हुकलेल्यांपैकी काहींनी क्षेत्रच सोडलं, पण जे टिकले त्यांचं पुढचं काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा जास्त प्रभावी ठरलं. नकार कडू असतो. तो आल्यावर मी दोन दिवस पत्र उघडत नाही. तिसऱ्या दिवशी प्रत्येक शेरा वहीत एका बाजूला लिहिते आणि दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर.

‘आता एआय लिहून देतो’

एनआयएचने 25 सप्टेंबर 2025पासून नियम केला आहे की ज्या अर्जाचा मोठा भाग एआयने तयार केला आहे तो मूळ काम मानला जाणार नाही. एका संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज करता येतील, अशी मर्यादाही घातली आहे. बाकीच्या संस्थांच्या अटी अर्ज मागवणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत वाचून घ्याव्यात.

पण नियम नसता तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं. मागच्या महिन्यात एका मुलाने असं तयार करून घेतलेलं प्रपोजल आणलं. विषय रक्तदाबाचा, घरोघरी सर्वेक्षण. दिसायला देखणं, मथळे व्यवस्थित. सर्वेक्षणाचा महिना सप्टेंबर, कारण दिलं होतं ‘पाऊस ओसरल्यानंतरचा सोयीचा काळ’. सप्टेंबरात बहुतेकदा गणपती असतात. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले, एरवी दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात बारा-पंधरा माणसं, गोडधोड चाललेलं, आणि आरत्यांच्या वेळी दारात मशीन घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला कोण हात पुढे करणार? घरटी माणसांची संख्या चुकणार, रक्तदाब चुकणार. प्रवासखर्चापुढे नुसता दोन लाखांचा आकडा होता. किती वाड्या, किती फेऱ्या, किती किलोमीटर, खाडीपलीकडच्या वाडीला जायला होडीचं भाडं धरलं की वळसा घालून जाणाऱ्या मोटरसायकलचं पेट्रोल, काही नाही.

त्याला मी एवढंच सांगितलं की वेळापत्रकाचं आणि खर्चाचं, दोन्ही पानं कोरी करून ये. शनिवारी तो उपकेंद्रावर गेला. आशाताईंनी त्याला भात कापून झाल्यानंतरचे आणि आंब्याची फवारणी जोरात सुरू होण्याआधीचे तीन आठवडे सांगितले, वाडीवार घरं मोजून दिली आणि कोणत्या वाडीला भरतीच्या वेळी जाता येत नाही तेही लिहून दिलं. तो कागद आता त्याच्या प्रपोजलच्या वेळापत्रकाच्या जागी टाचून ठेवला आहे. टंकायचं काम या आठवड्यात चालू आहे.