देव सोडला की रूढी सुटते का?

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्या मोबाइलवर तीनदा आला. दोनदा जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवला, एकदा शाळेतल्याच एका सरांनी. मजकूर असा: ज्या देशात देवधर्म जास्त, तो देश तेवढाच बुरसटलेला. ज्यांनी धर्म सोडला ते देश आपोआप सुधारले. मराठवाड्यात पोरींची लग्नं लवकर होतात तीही धर्मामुळेच. म्हणून आधी देवळं बंद करा. पाठवणारे तळमळीचे आहेत, त्यांना उडवून लावावं असं मला वाटत नाही. म्हणून नीट उत्तर देतो.

पहिला दावा पूर्ण खोटा नाही. जगभरच्या पाहण्यांत धार्मिकता आणि सामाजिक कर्मठपणा बऱ्याचदा जोडीने दिसतात. पण जोडीने दिसतात म्हणून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. आयर्लंड आणि फिलिपाइन्स, दोन्ही देश कॅथलिक, दोघांचा पोप एकच. आयर्लंडने 2015 साली सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि 2018 साली गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. फिलिपाइन्समध्ये मुस्लिम नागरिक सोडले तर घटस्फोटाचा कायदाच नाही. आयर्लंडमध्ये चर्चला जाणारे घटले होते, चर्चच्या संस्थांमधले अत्याचार उघडकीला आले होते, हे मान्य. तरी 2016 च्या जनगणनेत तिथल्या 78 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिकच म्हणवलं. बहुतेकांनी धर्माचं नाव टाकलं नाही, घरातल्या निर्णयांवरचा पाद्र्यांचा हक्क तेवढा काढून घेतला. ट्युनिशिया मुस्लिम देश, तिथे 1956 सालीच बहुपत्नीत्वावर बंदी आली.

‘आपोआप सुधारले’ हे मात्र साफ चूक. सोव्हिएत रशियाने चर्चची घंटा बंद पाडली, आणि त्याच राजवटीने 1934 साली पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवले, 1936 साली गर्भपातावर बंदी घातली. रुमानियाच्या कम्युनिस्ट सरकारने 1966 साली तेच केलं, लोकसंख्या वाढवायची म्हणून. बाईच्या देहावर हक्क सांगायला सत्तेला देव लागतोच असं नाही. जपानमध्ये धर्म महत्त्वाचा मानणारे फार थोडे, तरी लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे असा तिथे कायदा आहे, आणि आडनाव बदलते ती बहुतेक वेळा बायकोच.

आता आपल्याकडचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत सुमारे 48 टक्के, बीडमध्ये 44 च्या आसपास, राज्यात मात्र 22. पंढरीची वारी पुण्या-साताऱ्यातूनही जाते. मग हा फरक कुठून आला? दसरा-दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात आणि आमच्या भागातल्या वस्त्या ओस पडतात. मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल कमी, लग्न झालेल्याला पुरी. आई-बाप फडावर गेले की वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा दुसरा घोर. दहावीच्या वर्गात दिवाळीनंतर रिकामी झालेली बाकं मी दरवर्षी पाहतो. केरळात मंदिर, मशीद, चर्च तिन्ही भरलेली असतात, आणि तिथे हाच आकडा सहाच्या आसपास. ज्या पश्चिम बंगालवर डाव्यांनी 34 वर्षं राज्य केलं, तिथे 42 च्या जवळपास.

माझं म्हणणं एवढंच: जिथे उद्याचा भरवसा नाही, तिथे माणूस देवालाही घट्ट धरतो आणि रूढीलाही. दोन्हींखाली कोरडवाहू जमीन एकच आहे.

राहिला देवळं बंद करण्याचा सल्ला. रूढीला धर्माचा आधार मिळतो हे मी लपवणार नाही. चोखोबा पायरीपाशीच राहिले, आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राण पणाला लावावे लागले. पण नरसीच्या नामदेवांनी आणि गंगाखेडच्या जनाबाईने जातीच्या तोऱ्याला उत्तर दिलं ते भक्तीतूनच. आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या बाबासाहेबांनी 1956 साली एक धर्म सोडताना दुसरा, बुद्धाचा धम्म, स्वीकारला. धर्माशिवाय समाज चालेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

शिवाय आमच्या गावात बाप माणसं सरकारी माणसाचं ऐकत नाहीत, सप्ताहातल्या महाराजांचं ऐकतात. म्हणून यंदा आम्ही मास्तर मंडळी महाराजांकडेच गेलो. काल्याच्या कीर्तनात त्यांनी अठराच्या आतल्या लग्नावर अर्धा तास घेतला, आयाबाया डोळे पुसत होत्या. पुढच्या आठवड्यात दोन घरांनी ठरलेली लग्नं पुढे ढकलली. तिसऱ्या घराने उचल आधीच घेतली होती.