दावा जिंकला, वसुलीचं काय?

जागतिक व्यापार संघटनेत छोट्या-मोठ्या सगळ्या देशांना नियम सारखे, हे वाक्य हमखास ऐकू येतं. खोटं नाही ते. गोची आहे ती वसुलीत.

अँटिग्वा आणि बार्बुडाचंच बघा. कॅरिबियनमधला लाखभर वस्तीचा देश. अमेरिकेने परदेशातून चालणाऱ्या ऑनलाइन जुगाराला आडकाठी केली म्हणून त्यांनी २००३ मध्ये दावा लावला. अमेरिकेचा बचाव 'सार्वजनिक नीतिमत्ते'चा. एप्रिल २००५ च्या अपिलात तो बराचसा टिकला, पण घोड्यांच्या शर्यतींवर देशी कंपन्या ऑनलाइन पैजा घेणार आणि परदेशी नाहीत, या भेदावर अडकला. दुरुस्तीसाठी साडेअकरा महिने मिळाले. दुरुस्ती झाली नाही. मग नुकसानीचा हिशोब: अँटिग्वाने मागितले वर्षाला ३४४ कोटी डॉलर, डिसेंबर २००७ मध्ये लवादाने ठरवले वर्षाला २.१ कोटी.

बरं, हे २.१ कोटीही अमेरिकेने द्यायचे नसतात! तेवढ्या रकमेपर्यंत तुम्ही तिला दिलेल्या सवलती मागे घ्यायच्या, म्हणजे सहसा तिच्या मालावर जकात वाढवायची. अँटिग्वाने ती वाढवली तर महागाई अँटिग्वातच होणार, अमेरिकेला पत्ताही लागणार नाही. शिवाय दावा चालू असताना बुडालेला धंदा हिशोबातच येत नाही. भरपाई मागची मिळत नाही, त्यामुळे वेळ काढणं हरणाऱ्याच्या फायद्याचंच.

म्हणून लवादाने दुसरी वाट दिली: ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारातली बंधनं तेवढ्या रकमेपुरती बाजूला ठेवा, म्हणजे अमेरिकी कॉपीराइट, पेटंट पाळू नका. औपचारिक परवानगी आली जानेवारी २०१३ मध्ये. कागदावर भारी वाटतं, पण राबवायला बसलं की एकेक अडचण निघते. एका चित्रपटाच्या प्रतीची किंमत कशी धरायची, २.१ कोटींची मर्यादा ओलांडली हे कोण मोजणार? आणि त्या प्रती तिसऱ्या देशात विकता येत नाहीत, कारण त्या देशावर ट्रिप्सचं बंधन कायमच असतं. लाखभर लोकांच्या बाजारात असं कितीसं खपणार? हत्यार दाखवायला ठीक आहे, चालवायला नाही.

ब्राझीलने मात्र तेच हत्यार दाखवून पैसे काढले. अमेरिकी कापूस अनुदानांविरुद्धचा खटला जिंकल्यावर त्यांनी जकात आणि पेटंट दोन्हींची तयारी उघड केली. २०१० मध्ये अमेरिका वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला तयार झाली, २०१४ मध्ये एकरकमी ३० कोटींवर मिटलं. बाजारपेठ मोठी असली की धमकीला वजन येतं. त्याच अनुदानांनी पोळलेले, आफ्रिकेतले कापूस पिकवणारे बेनिन आणि चाड या खटल्यात फक्त त्रयस्थ पक्ष होते. त्रयस्थाला म्हणणं मांडता येतं, सवलती मागे घेण्याचा हक्क मिळत नाही.

मेक्सिकोने २००२ मध्ये सुचवलं होतं की हा हक्क दुसऱ्या देशाला विकता यावा. कल्पना हुशार, पण माझ्या मते रोख भरपाईच हवी, तीही दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून. दोन्हींपैकी काही झालं नाही.

आणि डिसेंबर २०१९ पासून तर संघटनेचं अपील मंडळच बंद आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते. हरलेल्या देशाने नुसतं अपील करून ठेवायचं. ऐकायला कोणी नसल्याने निकाल लागू होत नाही, आणि अँटिग्वाला निदान लवादापर्यंत जाता आलं होतं तेवढंही आता हमखास नाही.