क्रिंप आवळला म्हणजे काम झालं?

घरी पिस्तुलाची काडतुसं भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: गोळी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) सैल वाटली किंवा काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या त्याच्या जागेत, अडलं, तर क्रिंप डाय, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणारा (क्रिंप करणारा) साचा, अजून थोडी खाली घ्या. ९ एमएमसाठी हा सल्ला चुकीचा आहेच, धोक्याचाही आहे.

म्हणे क्रिंपमुळे गोळी घट्ट बसते. गोळीला धरते ती पुंगळीची भिंत, आणि ती पकड सायझिंग डायमधून, म्हणजे वापरलेली पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून, येते. पुंगळीचं दाबलेलं पितळ थोडं परत फाकतं, शिसं मात्र दबलं की दबलेलंच राहतं. त्यामुळे अति क्रिंपखाली गोळी बारीक होते आणि पकड उलट ढिली पडते. मग फीड रॅम्पवर (काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून गोळी आत सरकते, पुंगळीतली जागा घटते आणि दाब भयानक चढतो. गोळी सैल असेल तर आधी एक्स्पांडर, म्हणजे पुंगळीचं तोंड आतून फाकवणारा दांडा, मोजा. तो गोळीहून बारीकच हवा, आणि पुंगळीचं तोंड गोळी टेकण्यापुरतंच फाकलेलं हवं.

काडतूस अडलं तरी क्रिंपच आवळायचा? ९ एमएमचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं. तोंड फार आत वळवलं तर तो आधारच जातो. टेपर क्रिंपचं, म्हणजे ९ एमएमला करतात त्या निमुळत्या क्रिंपचं, काम फक्त फाकलेलं तोंड सरळ करणं. तोंडाशी बाहेरचा व्यास साधारण ९.६५ मिमी आलं की थांबावं. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडरशिवाय एक नमुना बनवा, त्यावर मार्करची शाई फासा आणि सुट्या केलेल्या बॅरलमध्ये सोडून फिरवा. शाई गोळीवर खरवडली तर काडतुसाची एकूण लांबी जास्त आहे, मग ती २९.६९ मिमीच्या कमाल मर्यादेत का असेना. तोंडाशी खरवडली तर फाक उरली आहे. त्याच्या खाली खरवडली तर गोळी तिरकी बसली असेल, किंवा गोळी आत जात असतानाच क्रिंप पडून पुंगळी फुगली असेल.

‘रिव्हॉल्व्हरला जोरदार क्रिंप चालतो ना?’ चालतो, कारण .३५७ मॅग्नमसारखं रिव्हॉल्व्हरचं काडतूस पुंगळीच्या बुडाशी असलेल्या कडेवर (रिमवर) टेकतं आणि क्रिंप गोळीच्या खाचेत वळतो. तो नियम ९ एमएमला लावू नका.

आणि ‘थोडी’ म्हणजे किती? नेहमीच्या डायच्या आट्यांवर एक पूर्ण फेरा म्हणजे सुमारे १.८ मिमी. अष्टमांश फेऱ्यानेही चित्र बदलतं, म्हणून प्रत्येक बदलानंतर मोजा.

आधीच अति क्रिंप केलेली काडतुसं झाडून संपवू नका. बुलेट पुलरने (पुंगळीतून गोळी उपसणाऱ्या अवजाराने) गोळ्या काढा आणि बारीक झालेली गोळी पुन्हा वापरू नका.