आधीचा काय नासला होता?

पत्रिका फोनमध्ये होती, पण उतरवून घेतलेली नव्हती. व्हॉट्सॲपवरचं न उतरवलेलं चित्र जसं दिसतं तशीच ती दिसत होती. वर तांबूस डाग म्हणजे गणपती, खाली दोन पिवळे डाग म्हणजे चि. आणि चि. सौ. कां., आणि सगळ्यांच्या छाताडावर खाली तोंड केलेला बाण. लग्न गोव्यातल्या साखळी गावात, मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, एवढं पाठ होतं. कार्यालय कुठलं ते त्या बाणाच्या पोटात. आणि आम्ही चोर्ल्याच्या वाटेवर, जांबोटी मागं टाकून, जिथं माझ्या फोनला रेंज शिवतसुद्धा नाही.

"आधी बघून ठेवायचं की," बायको म्हणाली. टिळकवाडीपासून ती हेच म्हणत होती, फक्त दर वेळी वेगळ्या गोष्टीबद्दल.

ह्या घाटात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलीत. फोनला एखाद्या वळणावर अर्धी काडी मिळते, तेवढ्यात कुठल्यातरी राज्यात आपलं स्वागत असल्याचा मेसेज येतो आणि काडी जाते. स्वागत करून दार लावून घेणं म्हणतात ते हे. आम्हा बेळगावकरांना कुणाच्या हद्दीत आहोत ह्या प्रश्नाची सवय आहे म्हणा. माणसांचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, फोनचा अजून दाखल व्हायचाय.

तर एका वळणावर हॉटेल दिसलं. पाटीवर 'चहा, मिरची भजी, काजूगर मिळतील' आणि त्याच्याखाली, त्याच रंगात, 'फ्री वायफाय'. मी ब्रेक दाबला. पोऱ्याला पासवर्ड विचारला. "पासवर्ड इल्रि सर, ओटीपी बरतैति," म्हणाला, म्हणजे पासवर्ड नाही, ओटीपी येतो, आणि भजी किती प्लेट ते विचारलं.

फोन वायफायला लगेच चिकटला. चिन्हाचा पंखा पूर्ण भरलेला, बाजूला एक बारीक उद्गारचिन्ह, आणि खाली ओळ: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. माझ्या माहितीत अशी बरीच लग्नं आहेत.

आता हे असं का होतं ते मला ठाऊक आहे, कारण पुण्यात कंप्युटरमध्ये असलेल्या भाच्यानं ते मला दोनदा सांगितलंय, दुसऱ्यांदा आवाज चढवून. फोन कुठल्याही नव्या वायफायला जोडला की गपचूप गूगलला एक पाकीट पाठवतो. उत्तर '204' असं आलं पाहिजे. म्हणजे 'मजकूर काही नाही'. आहेराचं रिकामं पाकीट परत आलं की फोन खूश, रस्ता मोकळा आहे असं समजतो. पण अशा हॉटेलातलं यंत्र ते पाकीट वाटेतच अडवतं आणि उत्तरादाखल स्वतःचं पान पुढं करतं, आधी नाव सांगा, नंबर सांगा. ते पान आपोआप उघडायला हवं. माझं उघडलं नाही. आपण हातानं एखादी साइट उघडायला जावं, तर आजकाल सगळ्या साइटी कुलूपवाल्या. कुलपाच्या साइटीच्या मध्ये कुणी स्वतःचं पान घुसडायला गेलं की फोन 'धोका, धोका' म्हणून बोंब मारतो. त्यासाठी एखादी जुनी, बिनकुलपाची, एसवाली नव्हे नुसती एचटीटीपीवाली साइट मारायची. ही युक्तीसुद्धा भाच्याचीच.

तीही चालली नाही. का, तर त्याच भाच्यानं दिवाळीत जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून माझ्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचं काहीतरी घालून ठेवलं होतं. फोन पत्ता विचारायला आपल्या खाजगी माणसाकडंच जाणार, हॉटेलच्या माणसाला विचारणार नाही. आणि खाजगी माणूस दाराबाहेर. मी सेटिंगात शिरून ते बंद केलं, वायफाय 'विसरून जा' म्हटलं, पुन्हा जोडलं. पहिली प्लेट भजी संपली होती. मला एक मिरची ठेवली होती, देठासकट.

पान उघडलं! कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचायचं म्हणजे अक्षराला अक्षर जोडत, पहिलीतल्या पोरासारखं ओठ हलवत. नाव, नंबर, जन्मतारीख (भजीच्या हॉटेलला माझी जन्मतारीख कशाला?), आणि खाली एक बारका चौकोन, त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. ती कशाबद्दल होती ते वाचायला मला दुपार लागली असती. 'मुंदुवरिसि' दाबलं. पुढं जा. पुढं काय, तर ओटीपी पाठवलाय.

कुठं? माझ्या फोनवर. ज्याला रेंज नाही. म्हणून तर मी वायफायच्या दारात उभा आहे! रेंज असती तर तुझ्या दारात कोण आलं असतं बाबा?

ह्याचं मूळ कारणही आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी अतिरेक्यांनी नवी मुंबईतल्या कुणाच्या तरी उघड्या वायफायवरून ई-मेल पाठवला. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्यानं सांगितलं की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवा, ओळखपत्राची प्रत घ्या नाहीतर मोबाइलवर मेसेज पाठवा. बरोबरच आहे. पण ओळखपत्र माझ्या खिशात होतं, फोटोसकट. ते बघायला कुणी तयार नव्हतं. पोऱ्याला दाखवलं तर त्यानं फोटो बघून पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि "केस होते की," एवढंच म्हणाला. हे मात्र त्यानं मराठीत सांगितलं.

मग त्यानंच मार्ग दाखवला. "अज्जांच्या फोनला रेंज ऐति."

बाकावर एक म्हातारबुवा बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, पायांशी फणस, आणि एक पाय फणसावर, पळून जाऊ नये तसा. बेळगावच्या गाडीची वाट बघत होते. वरच्या खिशात बटणांचा फोन, त्यात सरकारी कंपनीचं सिम. ह्या रानात चालतं ते तेवढंच. मी अदबीनं सगळं सांगितलं. त्यांनी माझा फोन मागून घेतला, उलटा केला आणि बोटाच्या पेरानं पाठीवर दोनदा टकटक केली, फणस पिकलाय का बघतात तशी.

"भद्द वाजायलंय," म्हणाले आणि परत दिला. "कुठल्या गल्लीतले?"

बेळगावात हा प्रश्न चुकत नाही. टिळकवाडी म्हटल्यावर "म्हणजे गल्ली नाहीच," असा निकाल लागला. नंबर मात्र दिला, एकेक आकडा मोजून, मधे आठ की सहा ह्यावर थोडं थांबून. मी तो भरला. 'मुंदुवरिसि' केलं. त्यांच्या खिशात टुंग झालं. मला खरंच आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

आजोबांनी फोन बाहेर काढला, हात लांब केला, डोळे बारीक केले, ओठ हलवत आकडे वाचले. मग फोन छातीशी धरला.

"सांगा आजोबा."

"न्हाई सांगनार."

मला वाटलं चेष्टा.

"नातीनं सांगितलंय. भोपळा, खांब आणि पी, ही तीन अक्षरं दिसली की पुढचे आकडे कुनाला म्हंजे कुनालाच सांगायचे न्हाईत. ब्यांकेतनं पन सांगितलंय. आमच्या गावात एकीनं सांगितले, भाताचं सगळं पैसं गेलं तिचं."

"अहो, पण हा मीच मागवलाय."

"चोर पन तसंच म्हंतो."

"तुमचा नंबर मी घातला म्हणून आला ना तो?"

"मग माझ्या नंबरावर आला तर तो माझा का तुमचा? पत्रिकेवर माझं नाव असंल तर जेवायला तुम्ही जानार?"

ह्यावर उत्तर नव्हतं, आणि ही पत्रिकेची उपमा नेमकी कशाला हवी होती. पानावर आकडा उलटा पळत होता, 40, 39, 38. मी म्हटलं, बँकेचा नाही हो, भजीच्या हॉटेलाचा आहे. आजोबांनी हॉटेलाकडं असं बघितलं की हॉटेलावर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही हे पोऱ्यालाही कळलं.

मला राग आला. पण रागवायचं कुणावर? म्हाताऱ्याचं काय चुकलं? सगळा देश गेली काही वर्षं म्हाताऱ्यांना हेच बजावतोय आणि इथं एकानं ते मनावर घेतलंय. शिकवणी पक्की झालेला एकमेव विद्यार्थी, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

शेवटी तह झाला. आकडे ते स्वतः माझ्या फोनात घालणार, मी तिकडं तोंड करून उभं राहायचं. मी दरीकडं तोंड करून उभा राहिलो. माझ्या मागं आजोबा एका बोटानं, विहिरीत दगड टाकून आवाज ऐकावा तसे, एकेक आकडा टाकत होते. चौथ्या आकड्याला पडदा विझला.

"गेला की ओ हा."

मी वळलो, फोन घेतला, पिन घातला. घालताना सवयीनं दुसरा हात आडवा धरला.

"बगा," आजोबा पोऱ्याला म्हणाले, "सोताचा कसा लपवला."

तोवर मुदत संपली. नवा मागवला. टुंग. पुन्हा मी दरीकडं. बोटाचे सहा आवाज मोजले, वळून बघितलं तर लाल अक्षरात 'चुकीचा'. आजोबांनी पहिलाच घातला होता.

"नवीन घालायचा असतो, आजोबा."

"का? आधीचा काय नासला होता?"

मुदत, सर्व्हर, सुरक्षितता, मला येतं तेवढं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा पहिलाच घातला. आधी खात्री करून घ्यायची म्हणे, नवीन मालाचा भरवसा काय. तिसऱ्या वेळी नवा घातला, पण शेवटचे दोन आकडे उलटे. पान म्हणालं, प्रयत्न फार झाले, 15 मिनिटांनी या.

11 वाजून 20 मिनिटं झाली होती. ह्या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी मिळणार काय होतं, तर अर्धा तास नेट, दिवसातून एकदा, दर नंबराला. नाव द्या, नंबर द्या, जन्मतारीख द्या, न वाचलेल्या चौकोनावरची खूण तशीच राहू द्या, आणि अर्धा तास घ्या. फुकट म्हणतात ह्याला. परवा बाजारात मी नाव सांगितल्याशिवाय कोथिंबीर घेतली, आणि तीही फुकटच मिळाली, वर कढीपत्ता. पाणपोईवर कुणी जन्मतारीख विचारत नाही. वायफायच्या बाबतीत मात्र आपणच उपकार घेतल्यासारखे मान खाली घालून फॉर्म भरत बसतो, आणि पान नाही उघडलं तर चूक आपल्याच फोनची असणार असं धरून चालतो. मी तर सेटिंगा बदलून बसलो होतो! जाहिराती पुन्हा सुरू झाल्यात आता, आणि दिवाळीपर्यंत भाचा येत नाही.

बायको गाडीतून उतरली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सरळ आजोबांकडं गेली.

"अज्जा, जरा फोन लावू देता का? बहीण लग्नाला पोचलीय, कार्यालय विचारते."

"घे की बाई," आजोबा म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला. अख्खा. आकड्यांसकट, ओटीपीसकट, आधीचा आणि नवा दोन्ही. "कुठल्या गल्लीतली तू?"

"माहेर शहापूर."

"म्हंजे आपलीच."

तिनं माझ्या फोनात बघून बहिणीचा नंबर लावला. नंबर बघायला नेट लागत नाही, हे मला तेव्हा आठवलं. पाऊण मिनिटात कार्यालयाचं नाव, वळण कुठलं, गाडी कुठं लावायची, आणि नवरीच्या आईनं कुठली साडी नेसलीय, एवढी माहिती आली. निघताना आजोबांनी तिला फणसातले गरे द्यायचे म्हणून पोऱ्याकडं कोयता मागितला. मी मधे पडून वेळ नाही म्हटलं, तर दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की मी गाडी सुरू करायला गेलो.

अक्षता मिळाल्या. त्याबद्दल तक्रार नाही.

काल मेहुणीचा फोन आला. "दाजी, तुम्ही त्या अज्जांच्या नंबरावर काय करून ठेवलंय? त्या दिवशी त्यांच्या फोनवरनं माझा नंबर लागला होता ना, तर ते आता मला फोन करतात. त्या हॉटेलातनं रोज सकाळी त्यांना मेसेज येतो म्हणे, भज्यावर सूट, आणि खाली सूट मिळायचे आकडे."

मला तो बारका चौकोन आठवला. मी विचारलं, चिडलेत का?

"चिडले नाहीत. तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाले, त्या टकल्याला सांग, रोज आकडे येतात, पन मी अजून एक पन कुनाला सांगितलेला न्हाई."