क्लक्सटनची किकआउट ‘सोपी’ होती म्हणे!

गेलिक फुटबॉल या आयरिश खेळातला डब्लिनचा गोलकीपर स्टीफन क्लक्सटन याच्याबद्दल एक दावा सारखा फिरत असतो: ऑल-आयर्लंड या काउंटी संघांच्या अव्वल स्पर्धेची नऊ पदकं ही डब्लिनच्या पैशाची आणि लोकसंख्येची कमाई, यानं किकआउटला (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक) फक्त शेजारच्या बॅकला सोपे पास दिले. दावा तुकड्या-तुकड्यानं तपासू.

पैसा आणि माणसं. डब्लिनमध्ये साडेचौदा लाख लोक, केरी या प्रतिस्पर्धी काउंटीत दीड लाखाच्या आसपास; विकासनिधीतही डब्लिनला झुकतं माप मिळालं, हे खरंच. पण क्लक्सटन संघात आला 2001 मध्ये आणि पहिलं विजेतेपद मिळालं 2011 मध्ये. मधली दहा वर्षं डब्लिन काय खेडं होतं? त्याच कोरड्या काळात 2002, 2006 आणि 2007 चे ऑल-स्टार (वर्षाच्या सर्वोत्तम संघातल्या निवडीचे) पुरस्कार त्यानं घेतले.

‘सोपे पास’. इथे खेळच समजलेला नाही. प्रतिस्पर्ध्यानं गोल किंवा गुण केला, किंवा त्याचा फटका बाहेर गेला, की गोलकीपर किकआउट घेतो. 2011 च्या अंतिम सामन्यात केरीनं 1-11 केले (एक गोल आणि बारवरून मारलेले अकरा गुण; एक गोल तीन गुणांचा), म्हणजे तेवढ्यानंच बारा किकआउट. बाहेर गेलेले फटके वेगळे. जुनी रीत अशी की चेंडू मैदानाच्या मध्यावर उंच भिरकावायचा, मग उंच गडी आपसात बघून घेतील. क्लक्सटन प्रतिस्पर्धी वळून जागा धरण्याआधीच टीवरून (चेंडू ठेवायच्या छोट्या स्टँडवरून) मारायचा. सहकारी आधी एका बाजूला धावून मार्करला (त्याला अडवणाऱ्या विरोधी गड्याला) ओढतो आणि झटकन उलट वळतो. चेंडू त्याच्या अंगावर नाही, पुढच्या मोकळ्या जागेत, छातीच्या उंचीला सपाट पडायला हवा. जरा उंच गेला तर हवेत रेंगाळतो आणि मार्कर पोचतो. जोर कमी पडला तर मधेच कापला जातो, आणि समोर गोल जवळजवळ उघडा. प्रत्येक किकमध्ये हा धोका होता.

‘आखूडच मारायचा’ हेही अर्धसत्य. विरोधकांनी सगळे फॉरवर्ड बॅकवर चढवले की तो त्यांच्या डोक्यावरून लांब विंगेकडे मारी. 2017 पासून 45 मीटर रेषेपलीकडे किकआउट स्वच्छ झेलला तर ‘मार्क’, म्हणजे बिनअडथळा किकचा हक्क, मिळू लागला, त्यामुळे लांब किकचंही मोल वाढलं. हे दडपण कसं टाकायचं ते केरीनं 2016 च्या उपांत्य सामन्यात दाखवलं: मध्यंतराआधी त्याची किकआउट कोंडली, दोन गोल केले. तरी डब्लिन 0-22 विरुद्ध 2-14 जिंकलं. म्हणजे तो अजिंक्य नव्हता. अडकल्यावर सावरत होता.

गोल वाचवणं त्याला जमत नव्हतं, असं म्हणणाऱ्यांनी 2019 चा पहिला अंतिम सामना बघावा. पॉल गीनीची पेनल्टी त्यानं अडवली; सामना 1-16 असा बरोबरीत सुटला, फेरसामना डब्लिननं जिंकला. त्या वर्षीचा फुटबॉलर ऑफ द इयर तोच.

आणि 2011 चा विजयी गुण? बरोबरी, अगदी शेवटचे क्षण, गोलात उभा असणारा गडी अख्खं मैदान ओलांडून फ्री किक घ्यायला येतो, चेंडू जमिनीवर ठेवतो (फ्रीला टी चालत नाही) आणि डाव्या पायानं बारवरून घालतो. 1-12 विरुद्ध 1-11. डब्लिनचं 1995 नंतरचं पहिलं विजेतेपद.

2023 च्या पुनरागमनानंतरचं विजेतेपद मात्र त्या एकट्याच्या नावावर टाकू नये. जॅक मॅककॅफ्री आणि पॉल मॅनियनही त्याच वर्षी परतले होते. तो 41 वर्षांचा होता आणि अंतिम सामन्यात केरीविरुद्ध गोलात उभा होता, एवढं पुरे.