पाळी येते म्हणून पोरीच्या हृदयात लोह साचत नाही, हे साफ चुकीचंय

थॅलेसेमियाच्या (अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून सारखं बाहेरून रक्त चढवावं लागतं तो आजार) पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, लातूर, परभणी, नांदेड, बीड सगळीकडून मला आलाय. त्यात म्हणलंय की पोरींना दर महिन्याला पाळी येते, जादाचं लोह त्यातून निघून जातं, म्हणून त्यांच्या हृदयाला धोका नाही, लोह उतरवायच्या गोळ्या आणि हृदयाचा एमआरआय फक्त पोरांना लागतो. हे वाचून काही आयांनी गोळ्या निम्म्यावर आणल्यात, म्हणून लिहायलेय.

आधी साधा हिशोब बघा. रक्ताच्या एका पिशवीत साधारण 200 मिलिग्रॅम लोह असतं, महिन्याला दोन पिशव्या लागत असतील तर 400 झालं. आणि पाळीत जातं किती, तर धडधाकट बाईचंसुद्धा 15-20 मिलिग्रॅमच्या आसपास. मग बाकीचं जाणार कुठं? शरीराला जादाचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही, दिवसाला कसंबसं एक-दोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. ते लिव्हरमध्ये साठतं, हृदयात साठतं, ग्रंथींमध्ये साठतं, आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत साठलं की पाळीच बिघडते, काही पोरींना तर ती येतच नाही, हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे ज्या पाळीच्या भरवशावर औषध कमी करायला सांगायलेत, ती पाळीच लोहाने बंद पाडलेली असते.

ही समजूत आली कुठून तेही सांगते. हिमोक्रोमॅटोसिस नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, युरोपातल्या लोकांत जास्त दिसतो, त्यात आतड्यातून रोज थोडं थोडं लोह जादा शोषलं जातं. तिथं पाळीने आणि बाळंतपणाने खरंच फरक पडतो, बायकांना त्रास पुरुषांपेक्षा उशिरा सुरू होतो. पण आपल्या लेकरांना लोह पिशवीतून मिळतंय, ते महिन्याला शेकड्यात.

आता "पोरींचं हृदय चांगलं राहतं" हे म्हणणं. यात तथ्य आहे, पण कारण वेगळंच. इटलीत थॅलेसेमियाच्या सातशेहून जास्त पेशंटचा टी-टू-स्टार एमआरआय (हृदयातलं लोह मोजायची तपासणी, आकडा जितका कमी तितकं लोह जास्त) करून 2011 मध्ये अभ्यास छापून आला. त्यात बायका आणि पुरुष दोघांच्या हृदयात लोह साचायचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, हृदयाचा आजार मात्र पुरुषांमध्ये जास्त. लोह पेशींमध्ये जे ऑक्सिडेशनचं नुकसान करतं ते बायकांचं हृदय जास्त दिवस सोसतं असं त्या डॉक्टरांचं म्हणणं, इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायकांच्या हार्मोनचा, त्यात वाटा असावा असा अंदाज आहे. पण सोसतं म्हणजे साचत नाही असं नाही ना! आजारी पडलेल्यांत बायकाही होत्याच.

"फेरिटिन कमी आणि इको नॉर्मल, मग एमआरआय कशाला" असंही त्या मेसेजमध्ये आहे. फेरिटिनवरून (रक्ततपासणीतला लोहसाठ्याचा आकडा) हृदयातलं लोह कळत नाही, आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) बऱ्याचदा उशिरापर्यंत नॉर्मलच दिसतो. टी-टू-स्टारचा आकडा 20 च्या वर असला तर ठीक, 10 च्या खाली गेला तर हार्ट फेल व्हायचा धोका खूप वाढतो. त्यासाठी आपल्याकडच्या बऱ्याच जणांना पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं, खर्च होतो, मान्य आहे. पण हृदयातलं लोह उतरायला लिव्हरपेक्षा जास्त वेळ लागतो, उशिरा कळलं तर हातात वेळच उरत नाही.

गोळी चालू आहे पण नीट जाते का तेही बघा. पाण्यात विरघळवायची गोळी पूर्ण विरघळत नाही, ग्लासाच्या तळाला पांढरा गाळ बसतो, त्यात परत थोडं पाणी घालून हलवून तेही पाजायचं, नाहीतर डोस ग्लासातच राहिला.

(हे सगळं रक्त चढवावं लागतं त्या लेकरांबद्दल आहे, साध्या ॲनिमियाच्या पोरींची शाळेतून किंवा दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी यावरून बंद करू नका प्लीज.)

आणि ज्यांच्या पोरींचं लग्न ठरलंय किंवा झालंय त्यांनी तर हा मेसेज डोक्यातून काढूनच टाका. दिवस राहिले की लोह उतरवायच्या गोळ्या बंद कराव्या लागतात, आणि त्याच नऊ महिन्यांत हृदयावरचा लोड वाढतो. म्हणून दिवस राहायच्या आधीच हृदयाचा एमआरआय करून घ्या, आकडा खराब असेल तर आधी लोह उतरवायचं आणि मग बाळाचा विचार, हे रक्ताच्या आणि बाळंतपणाच्या दोन्ही डॉक्टरांना सोबत घेऊन ठरवा.